दाबोळीची तार : नौदलाच्या तेजसच्या एका उतरण्याचा अभ्यास

१३ सप्टेंबर २०१९, शुक्रवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती आणि वास्कोत चवथीचा थकवा अजून पुरता उतरला नव्हता. त्या दिवशी दाबोळीच्या नौदल तळावर, म्हणजे आयएनएस हंसावर, नौदलासाठी बनवलेलं तेजस विमान उतरलं. चाकं टेकताक्षणी त्याच्या शेपटीखालचा हुक धावपट्टीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकला आणि विमान साधारण नव्वद मीटरांत जागच्या जागी उभं राहिलं. विमानवाहू जहाजाच्या आखूड डेकवर विमानं अशीच थांबवतात. आपल्या देशात रचलेलं लढाऊ विमान अशा रीतीने उतरण्याची ही पहिलीच वेळ.

बातमी दोन दिवस गाजली आणि विरली. मी मात्र त्या उतरण्यापाशी अडकून राहिलो. वास्कोत अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे त्यातली गतीची गणितं मला खुणावत होतीच, पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा होता. ज्या विमानाबद्दल नौदलाने पावणेतीन वर्षांपूर्वीच जाहीरपणे सांगून टाकलं होतं की हे आमच्या गरजेला पुरत नाही, त्याच विमानावर इतकी माणसं इतक्या जिद्दीने काम का करत होती? माझं मत आधीच मांडतो. नौदलाने विमान नाकारलं ते बरोबर केलं, आणि नाकारल्यावरही चाचण्या चालू ठेवल्या तेही तितकंच बरोबर केलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध का नाहीत, ते या एका प्रकरणातून नीट दिसतं.

हुक विसरलेला तळ

दाबोळीचं विमानतळ पोर्तुगिजांनी १९५०च्या दशकात बांधलं. १८ डिसेंबर १९६१ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला, आणि पुढे हा तळ नौदलाकडे आला. तेव्हापासून जहाजावरच्या लढाऊ विमानांचं घर हेच. आमच्या चिखली-दाबोळी भागातल्या माणसाला वर न बघता नुसत्या आवाजावरून सांगता येतं की आत्ता प्रवासी विमान गेलं की लढाऊ.

नौदलाचं पहिलं लढाऊ जेट म्हणजे ब्रिटिश बनावटीचं सी हॉक. १८ मे १९६१ला आर. एच. ताहिलियानी यांनी सी हॉक आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवलं. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. जुन्या विक्रांतवर वाफेचा कॅटापल्ट होता, त्यातून विमान फेकलं जायचं, आणि परत येताना हुक तारेत अडकवून थांबायचं. सी हॉकही असंच उतरायचं आणि पाणबुड्या शोधणारं फ्रेंच अलिझेही.

मग १६ डिसेंबर १९८३ला पहिली सी हॅरिअर दाबोळीला आली. या विमानाच्या इंजिनाची तोंडं खाली वळवता येत, त्यामुळे ते हवेत थांबून सरळ खाली उतरे. ना तार, ना हुक. सी हॅरिअरने नौदलाला तीस वर्षांहून जास्त काळ फार चांगली साथ दिली. मे २०१६मध्ये दाबोळीलाच त्याचा निरोप समारंभ झाला. पण त्याच्या सोयीची एक किंमत होती, ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. सी हॉक गेलं, अलिझे डेकवरून हटलं, विक्रांतचा कॅटापल्ट काढून तिथे स्की-जंप, म्हणजे टोकाला वर वळलेली चढण, बसवली, आणि तारेवर उतरणं ही विद्या आपल्याकडे पंचवीसेक वर्षं वापरातूनच गेली. पोहणं, सायकल चालवणं एकदा आलं की विसरत नाही म्हणतात. ते एका माणसाच्या बाबतीत खरं असेल. संस्थेचं तसं नसतं. ज्यांच्या हातात कसब होतं ती माणसं निवृत्त झाली की कसबही त्यांच्याबरोबर घरी जातं.

२०१०मध्ये रशियाची मिग-२९के ताफ्यात आली, २०१३च्या नोव्हेंबरात विक्रमादित्य हे रशियाकडूनच घेतलेलं विमानवाहू जहाज नौदलात दाखल झालं, आणि तारेचा जमाना परत आला. पण ते विमान, ते जहाज, ती तार, सगळं दुसऱ्याचं. वापरायचं कसं ते आपण शिकलो. घडवायचं कसं, हा प्रश्न तसाच होता.

जमिनीचं विमान समुद्रावर नेताना

तेजस पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ला, बंगळुरात. ते हवाई दलासाठी रचलेलं होतं. त्याचीच नौदलासाठी आवृत्ती करावी असं ठरलं आणि तिचे दोन नमुने झाले. पहिला दोन आसनी, एनपी-१, तो २७ एप्रिल २०१२ला उडाला. दुसरा एकआसनी, एनपी-२, ७ फेब्रुवारी २०१५ला.

ऐकायला सोपं वाटतं. आहे ते विमान घ्या, हुक लावा, चाकांचे पाय मजबूत करा, झालं. पण जमिनीवरच्या विमानाला जहाजाचं करणं म्हणजे तयार घराच्या पायावर आणखी चार मजले चढवण्यासारखं आहे. घर पडेल असं नाही, पण प्रत्येक भिंत पुन्हा तपासावी लागते, आणि जिथे हात लावाल तिथे वजन वाढतं.

जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलतो, त्याने खाली येण्याचा वेग मोडतो आणि चाकं अलगद टेकतात. डेकवर ही चैन परवडत नाही. नाक उचललं तर विमान तरंगत पुढे जाणार आणि तार चुकणार. म्हणून जहाजाचं विमान एकाच उतारावरून, एकाच कोनात, थेट डेकवर आदळवतात. आदळवतात हाच योग्य शब्द आहे. जहाजावरच्या विमानाचे पाय सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने खाली आलेला धक्का सोसतील असे करावे लागतात. मी मुलांना याचं गणित करायला लावतो. सात मीटर प्रतिसेकंद म्हणजे अडीच मीटर उंचीवरून वस्तू सोडली तर जमिनीवर पोहोचताना तिला येणारा वेग. आपल्या वर्गाच्या दाराहूनही उंचावरून कित्येक टनांचं विमान सोडून द्यायचं, त्यानंतर त्याने पुन्हा उडायचं, आणि हे शेकडो वेळा. फळ्यावर उत्तर आलं की वर्ग थोडा वेळ गप्प होतो.

दुसरी अडचण तेजसच्या आकाराची. हे त्रिकोणी पंखांचं विमान, मागे वेगळी आडवी शेपटी नाही. नाक वर ठेवायचं तर पंखांच्या मागच्या कडेचे पल्ले वर वळवावे लागतात, आणि ते वर वळले की पंखाची उचल कमी होते. म्हणजे हळू उतरायची वेळ आली की नेमकी तेव्हाच उचल हातची जाते. त्यावर उपाय म्हणून नौदलाच्या तेजसला पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेला, हलणारे जादा पल्ले दिले. अभियंते त्यांना लेव्हकॉन म्हणतात. त्यांच्यामुळे पंखावरून जाणारी हवा भोवऱ्यासारखी फिरत पंखाला धरून राहते आणि विमान कमी वेगातही ताब्यात राहतं. शिवाय वैमानिकाला डेक दिसावा म्हणून नाक खाली झुकवलं. एनपी-२चा फोटो हवाई दलाच्या तेजसशेजारी ठेवून बघा, नाकाचा हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

आणि हे सगळं ओढायला इंजिन तेच, जनरल इलेक्ट्रिकचं एफ-४०४, ज्याचा पूर्ण जोर सुमारे ८५ किलोन्यूटन. वजन वाढलं, जोर वाढला नाही. या प्रकरणातलं पुढचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

सड्यावरचं अर्धं जहाज

नव्या विमानाची पहिली परीक्षा भर समुद्रात घ्यायची नसते. म्हणून जमिनीवरच जहाजाची प्रतिकृती लागते. सोव्हिएत संघाने क्रिमियातल्या साकी इथे अशी सोय केली होती, नाव निटका. तिथे घासूनपुसून तयार झालेलं सुखोई-२७के १ नोव्हेंबर १९८९ला व्हिक्टर पुगाचोव यांनी जहाजावर उतरवलं. अमेरिकेकडे न्यू जर्सीतलं लेकहर्स्ट आहे. आपण ती दाबोळीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, केली. बांधणीत आमच्या वास्कोच्या गोवा शिपयार्डचा मोठा वाटा होता. एका बाजूला जहाजासारखी, टोकाला वर वळलेली स्की-जंपची चढण. दुसऱ्या बाजूला डेकसारखा भाग, त्यावर आडव्या तारा, आणि जमिनीखाली त्या तारांना आवरणारी यंत्रणा. पाणी सोडून बाकी सगळं जहाजाचं.

पहिली परीक्षा उडण्याची झाली. गोवा मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, २० डिसेंबर २०१४ला, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी एनपी-१ या चढणीवरून हवेत नेलं. चढणीचं काम नेमकं काय असतं? टोकाशी पोहोचताना विमानाला उडण्याइतका वेग आलेलाच नसतो. चढण त्याला वरच्या दिशेने झुगारते, आणि दगड फेकल्यासारखं ते वर जात असताना इंजिन उरलेला वेग भरून काढतं. त्या काही सेकंदांत वैमानिकाने दांडी हलवून काही दुरुस्त करण्याइतका वेळ नसतो. विमानाच्या संगणकाने नाक किती वर धरायचं ते स्वतःच सांभाळायचं असतं, आणि तो हिशेब आपल्या अभियंत्यांनी शून्यापासून मांडला होता. मला या सगळ्या कार्यक्रमात सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर हे. धातूचा तुकडा विकत मिळतो. असा हिशेब कुणी विकत नाही.

तेव्हा संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर होते, पदावर येऊन दीड महिनाही झाला नव्हता. स्वतः आयआयटीचे इंजिनिअर, आणि तेजसच्या पाठीशी ठामपणे उभे राहिलेले. हवाई दलाची पहिली तेजस स्क्वाड्रन जुलै २०१६मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. दाबोळीतलं ते उतरणं बघायला मात्र ते नव्हते. त्याआधी सहा महिने, १७ मार्च २०१९ला ते गेले. त्या सप्टेंबरात इथल्या बऱ्याच जणांना त्यांची आठवण झाली, मलाही झाली.

नकार

२ डिसेंबर २०१६. नौदल दिनाच्या आधीच्या पत्रकार परिषदेत नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी सांगितलं की तेजसची नौदल आवृत्ती जहाजावरची आमची गरज भागवू शकत नाही, दुसरं विमान बघावं लागेल.

अनेकांना हा देशी प्रयत्नाचा अपमान वाटला. मला तसं वाटत नाही. जहाजावर कॅटापल्ट नाही, विमानाने आपल्याच जोरावर दोनेकशे मीटरांत सुटायचं आहे. अशा वेळी वाढलेलं प्रत्येक किलो थेट इंधनातून किंवा क्षेपणास्त्रातून वजा होतं. रिकामं विमान चढणीवरून सुटलं याने युद्ध लढता येत नाही. हवेत राहायला पुरेसं इंधन आणि पंखाखाली उपयोगी हत्यारं घेऊन ते सुटायला हवं, आणि एका एफ-४०४ इंजिनावर ते जमणारं नव्हतं. ज्यांची मुलं त्या विमानात बसणार त्यांच्याशी प्रामाणिक राहायचं तर दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं.

पण त्याच नौदलाने संशोधनाला पाठिंबा काढून घेतला नाही, आणि इथे या प्रकरणाला खरं वळण मिळतं. विमान ताफ्यात येणार नाही हे ठरलं, तरी दोन्ही नमुने दाबोळीला येत राहिले. आता परीक्षा विमानाची राहिली नव्हती. परीक्षा होती आपल्याला हे करता येतं का याची.

तार

उडण्यापेक्षा उतरणं अवघड, हे जहाजाच्या बाबतीत पहिल्यापासून खरं आहे. १८ जानेवारी १९११ला यूजीन एली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पेन्सिल्व्हेनिया या युद्धनौकेवर उतरला तेव्हा डेकवर आडवे दोर टाकून त्यांच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती बांधली होती. विमानाचे आकडे दोरांत अडकायचे आणि पोती फरफटत यायची. शंभरेक वर्षांत वाळूच्या जागी द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आली, पण कल्पना तीच: गती अडवायची नाही, हळूहळू खायची.

ही गोष्ट मला वर्गात एका मुलाने शिकवली. आमच्याकडे खारीवाड्यातली बरीच मुलं येतात, घरचे ट्रॉलर आहेत. मी फळ्यावर तार काढली, दोन्ही टोकांना खुंट्या काढल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, अशी घट्ट बांधली तर तुटतलीच!” मग तो पुढे आला आणि समजावून सांगू लागला. जाळं तळाशी कशात तरी अडकलं तर विंचचा ब्रेक करकचून लावायचा नसतो, थोडा सैल ठेवून वायर सुटू द्यायची, नाहीतर वायर तुटून डेकवर चाबकासारखी फिरते, आणि तिच्या वाटेत कुणी असेल तर संपलंच. त्याच्या वडिलांच्या पिंढरीवर तशी खूण आहे, म्हणाला. मी खडू त्याच्याच हातात दिला. विमानाच्या तारेचंही तंतोतंत असंच असतं. डेकवर दिसते ती तार थोडी, तिची दोन्ही टोकं डेकखाली जातात आणि ब्रेक सोसत सोसत सुटत राहतात. तार तुटणं हा काही कल्पनेतला धोका नाही. मार्च २०१६मध्ये अमेरिकेच्या आयझेनहॉवर जहाजावर विमान उतरताना तार तुटली आणि डेकवरचे आठ नौसैनिक जखमी झाले.

म्हणून दाबोळीला थेट हवेतून तारेवर उतरायची घाई कुणी केली नाही. २ ऑगस्ट २०१८ला आधी विमान जमिनीवरच मध्यम वेगाने धावत नेलं आणि धावता धावता हुक तारेत अडकवला. बातम्यांत या पायरीला जेमतेम दोन ओळी मिळाल्या. तिचं मोल कळायला अमेरिकेच्या एफ-३५सी विमानाकडे बघावं. २०११मध्ये लेकहर्स्टला त्यांनी हीच जमिनीवरची चाचणी घेतली, आठ वेळा धावले, आणि आठही वेळा हुकला तार सापडली नाही. कारण शोधलं तर निघालं की मुख्य चाकं आणि हुक यांच्यातलं अंतर फार कमी होतं. चाकं तारेवरून गेली की तार दबते, मग पुन्हा उसळून वर येते. ती वर येण्याच्या आतच हुक तिच्यावरून निघून जात होता. शिवाय हुकच्या टोकाचा आकारही तार उचलण्याजोगा नव्हता. हुक नव्याने रचावा लागला, आणि जहाजावर पहिलं उतरणं व्हायला नोव्हेंबर २०१४ उजाडलं. जगातल्या सर्वांत अनुभवी नौदलाच्या, सर्वांत महागड्या कार्यक्रमातलं विमान एका साध्या आकड्यापाशी अडलं होतं. हे आठवलं की दाबोळीतली ती दोन ओळींची बातमी मोठी वाटू लागते.

बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर, सगळी उघड्यावर मांडलेली. मुलांना घेऊन जातो तेव्हा मी त्यांना आधी मागच्या बाजूला नेतो. पोरं कॉकपिटकडे धावतात, त्यांना ओढून शेपटीखाली उभं करावं लागतं. हुक बघितला की हमखास प्रश्न येतो, “एवढाच?” एवढाच असतो. एक लांब दांडा, टोकाला मूठभर रुंदीचं वाकडं पोलाद. विमानाचं वजन आठ टन धरा, वेग ताशी २४० किलोमीटर, थांबायला नव्वद मीटर. वेग झाला सेकंदाला ६७ मीटर. वर्ग करून अंतराच्या दुपटीने भागा, मंदावण्याचा दर येतो २५, म्हणजे गुरुत्वाच्या अडीचपट. आठ टनांना अडीचने गुणा: वीस टनांची ओढ. भरलेला खनिजाचा ट्रक त्या मूठभर पोलादाला टांगल्यासारखं. आणि सगळं पावणेतीन सेकंदांत आटपतं. ज्या पोराने “एवढाच?” विचारलं असतं ते मग हुकला एकदा हात लावून बघतंच.

ते उतरणं

आता त्या शुक्रवारी परत येऊ. विमान एनपी-२. आसनात कमोडोर मावळणकर, राष्ट्रीय उड्डाण चाचणी केंद्राचे मुख्य चाचणी वैमानिक. खाली लँडिंग सिग्नल ऑफिसर म्हणून कॅप्टन शिवनाथ दहिया. हा अधिकारी डेकच्या कडेला उभा राहून येणाऱ्या विमानावर नजर ठेवतो. वैमानिकाला कडेच्या दिव्यांवरून आपण योग्य उतारावर आहोत की नाही हे कळतं, पण विमान किंचित खचतंय, किंचित डावीकडे जातंय, हे बाहेरच्या जाणत्या डोळ्याला आधी दिसतं. “नको, परत जा” हे सांगायचा अधिकार त्याचा, आणि तो शब्द अखेरचा. दहिया स्वतः चाचणी वैमानिक; एनपी-२चं पहिलं उड्डाण त्यांनीच केलं होतं. म्हणजे वर बसलेल्या आणि खाली उभ्या दोघांनाही ते विमान हाताच्या रेषांसारखं ठाऊक. चाचणीचे संचालक होते कमांडर जे. डी. रतुरी.

चाकं टेकली की वैमानिक काय करतो? आपल्याला वाटेल, ब्रेक मारतो. तो थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतो. हुक चुकला तर विमान डेकच्या टोकाहून खाली पडण्याऐवजी पुन्हा हवेत जायला हवं, आणि इंजिनाला जोर धरायला लागणारे एक-दोन सेकंद नंतर मिळणार नसतात. म्हणून तार धरली आहे की नाही हे कळायच्या आतच उडायची तयारी करायची. थांबण्यासाठी उतरायचं आणि उतरताना पळायची तयारी ठेवायची, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी. तारेचा झटका लागल्यावरच हात मागे येतो.

या चाचणीतली आणखी एक बाब मला कुठे फारशी लिहिलेली दिसली नाही. आपण समजतो की जमिनीवरची परीक्षा सोपी आणि जहाजावरची अवघड. डेक हलतो, खालीवर होतो, हे खरंच. पण तारेच्या बाजूने हिशेब उलटा आहे. जहाज वाऱ्याला सामोरं २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चाललं असेल तर विमानाचा डेकच्या तुलनेतला वेग तेवढाच कमी होतो. २४० चे झाले २०३. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे तारेला खावी लागणारी ऊर्जा चौथाईहून जास्त घटली. दाबोळीचा सडा मात्र जागचा हलत नाही. निसर्गाने समोरून वारा दिला तर दिला, नाहीतर पूर्ण वेग तारेवर. विमानाचा सांगाडा, हुक, तार यांनी जमिनीवर सोसलं ते जहाजावर सोसायला लागणार होतं त्याहून कमी नव्हतं.

तार लागली. विमान थांबलं.

पुढे

मग कामाला वेग आला. २९ सप्टेंबरला एकाच उड्डाणात चढणीवरून सुटणं आणि तारेवर उतरणं, दोन्ही झालं. १२ नोव्हेंबरला अंधारात उतरून दाखवलं. आणि ११ जानेवारी २०२०ला, सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी, मावळणकर यांनी विमान अरबी समुद्रात विक्रमादित्यवर उतरवलं. दुसऱ्या दिवशी तिथूनच ते उडालं. जमिनीवरच्या पहिल्या उतरण्यापासून जहाजापर्यंत जेमतेम चार महिने. २०१४च्या उड्डाणापासून त्या पहिल्या उतरण्यापर्यंत मात्र पावणेपाच वर्षं गेली होती. उशीर झाला, हे मान्य करायलाच हवं. नमुने दोनच होते, आणि एखादं विमान दुरुस्तीला गेलं की सगळंच अडून बसतं. अशा कार्यक्रमाला सुरुवातीपासून चार-पाच नमुने द्यायला हवे होते असं माझं स्पष्ट मत आहे. हात आखडता घेऊन वेळ वाचत नाही.

नौदलाने दुसरं विमान शोधलं. २०२२मध्ये फ्रान्सचं रफाल-एम आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट, दोघांनीही आपल्या विनाकॅटापल्ट जहाजांवरून उडता येतं हे दाखवण्यासाठी परीक्षा दिली ती याच दाबोळीच्या चढणीवर. एप्रिल २०२५मध्ये २६ रफाल-एमचा करार झाला. तेजसची वाट जिथे संपली त्याच चढणीवर त्याच्या जागी येणाऱ्याची निवड झाली. मला यात विषाद वाटत नाही. कुणाची निवड करायची ते ठरवण्याइतकी समज आपल्याकडे आली होती, कारण त्या चढणीचा आणि त्या तारेचा प्रत्येक आकडा आपण आपल्या विमानावर तपासला होता.

आता दोन इंजिनांच्या, पहिल्या रेषेपासूनच जहाजासाठी रचल्या जाणाऱ्या विमानाचं काम चालू आहे. ट्विन इंजिन डेक बेस्ड फायटर हे त्याचं नाव. त्याचे पाय किती जाड हवेत, हुक कुठे लावायचा, चढणीवर संगणकाने नाक किती धरायचं, याची उत्तरं रशियाला किंवा फ्रान्सला विचारावी लागणार नाहीत. ती एनपी-१ आणि एनपी-२च्या नोंदींत आहेत. २ डिसेंबर २०१६ नंतर कुणी कुलूप लावून चावी फेकली असती तर उड्डाणाच्या नोंदी तेवढ्या उरल्या असत्या, उतरण्याची एकही नसती.

फेब्रुवारी २०२३मध्ये कोचीला बांधलेल्या नव्या विक्रांतवर पहिल्यांदा लढाऊ विमानं उतरली. मिग-२९केबरोबर नौदलाचं तेजसही होतं, ताफ्यात कधीच न घेतलेलं. त्या दिवशी मी वर्गात धडा बाजूला ठेवला आणि तो व्हिडिओ तीन वेळा लावला. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, हुक तार उचलतो तेवढाच भाग. खारीवाड्यातला तो मुलगा तोवर बारावी होऊन गेला होता, त्याची आठवण आली.

बोगमाळोच्या संग्रहालयात सी हॅरिअरच्या बाजूला कधी तरी एनपी-२ उभं राहावं असं मला फार वाटतं. आणि ते उभं करताना हुक वर दुमडून ठेवू नये. खाली सोडलेला असावा, पोरांच्या हाताला लागेल इतका.